गिधाडांचा मुलूख आणि आमच्या घरचा नकार

स्पेनहून परत आल्यापासून मला जो तो एकच विचारतो: काय काय पाहिलं? मी खरं ते सांगते. गिधाडं पाहिली, मेंढ्या पाहिल्या आणि एक मेलेली गाय पाहिली. मग विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. त्याला समुद्र हवा असतो, उंच चर्च हवं असतं, निदान लाल फडकं आणि उधळलेला बैल तरी. मी त्यातलं काहीही पाहिलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी परिसरशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तिकडच्या उन्हाळ्यातला एक फील्ड कोर्स करायला गेले होते, तो संपला आणि परत आले. मधे जे झालं ते मात्र मलाच सांगायला हवं, कारण गावात त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतायत आणि एकीतही माझं बोलणं धड आलेलं नाही.

निघायच्या आधी

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मोताळ्यापासून सायकलच्या अंतरावर. बाबा मोताळ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहेत, म्हणजे बरण्यांमधले बेडूक आणि साप त्यांच्या ताब्यात. आई अंगणवाडीत. माझी निवड झाल्याचं कळलं तेव्हा बाबांनी शाळेत पेढे वाटले आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, आता सांग तिथं काय शिकवतात ते. मी मोबाइलवर माहितीपत्रक काढून मराठीत सांगत गेले. माळ, ओकची झाडं, नदीकाठचे कडे, पक्षी. कोणते पक्षी? गिधाडं. बाबा खूश झाले. लहानपणी त्यांनी पाहिली होती; गावाबाहेर ढोर टाकलं की कुठूनशी उतरायची. माझ्या पिढीला गिधाड फक्त शिवीत माहीत. जनावराला दुखण्यावर जे इंजेक्शन देत, ते अंगात असलेलं मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आमच्या आभाळातून ती गेली, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मग माहितीपत्रकातलं ते वाक्य आलं. गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठरावीक जागी नेऊन टाकणं हा कोर्सचा भाग होता आणि तो सगळ्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने करायचा होता.

बाबांनी चष्मा काढला. "नेते कोण?"

"आम्हीच. दोर बांधून ओढायचं."

"तू ढोर ओढशीन?"

आता हे ढोर ओढणं म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. गावात कुणाचंही जनावर मेलं की ते ओढून गावाबाहेर नेणं हे आमच्याच लोकांचं काम होतं. सांगावा यायचा तो आमच्या वस्तीत. धम्म स्वीकारलेल्या पिढीने हे काम सोडलं आणि आमच्या गावात ते सोडणारे पहिले होते बाबांचे आजोबा. पाटलांचा बैल मेला, सांगावा आला, आजोबा म्हणाले, "येत नाही." बैल पाटलांच्या दारात फुगत राहिला. शेवटी धोतराचा सोगा नाकाला लावून पाटलांच्या पोरांनीच तो ओढला. हा किस्सा आमच्याकडे लग्नात, नामकरणात, कुठेही निघतो आणि दर वेळी तो बैल थोडा मोठा होतो. मी शाळेत होते तेव्हा तो साधा बैल होता, आता हत्तीच्या आसपास आला आहे. त्यानंतरचे दिवस मात्र कुणी वाढवून सांगत नाही. वस्तीची मजुरी बंद झाली आणि माणसं रानात आपोआप उगवणाऱ्या तरोट्याच्या भाजीवर राहिली.

"जाय तू," बाबा म्हणाले. "शिक. पण दोराले हात लावू नको. माह्या आज्यानं उपाशी राहून सोडेल काम हाये ते."

आई म्हणाली, "तिथं तिले कोण विचारते जात?"

"इथं तरी कोठी विचारत होते?" बाबा म्हणाले. "सरळ कामच सांगत होते."

मी "हाव" म्हटलं. मनापासून म्हटलं.

एक्स्ट्रेमादुरा

विमानाचं वर्णन करत नाही. बसून बसून पाय सुजले, एवढं पुरे. एक्स्ट्रेमादुरा हा स्पेनचा पश्चिमेकडचा भाग, पोर्तुगालला लागून. मी हिरवागार युरोप मनात धरून गेले होते आणि उतरले ती थेट आमच्या मे महिन्यात. पिवळं वाळलेलं गवत, त्यात सुटी सुटी ओकची झाडं, खाली सावली धरून उभ्या मेंढ्या. बाभळी आणि निंब लावले असते तर मी मलकापूर रस्त्याला आहे असं कुणीही म्हणालं असतं. आमच्या शिक्षिका पिलार, पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची क्षमा मागितली की इथं ऊन फार आहे. मी अंगात फुलबाह्यांचा शर्ट चढवला, ओढणी डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवले, जशा बुलढाण्याच्या पोरी स्कूटीवर निघतात, आणि चालू लागले. पहिले दोन दिवस बाकीचे हसले. मग माझी खोलीतली सोबतीण यित्का, चेक देशाची, नाक सोलवटून माझ्याकडे आली आणि म्हणाली, मलाही बांधून दे. आठवड्याभरात निम्मा वर्ग डाकूंची टोळी दिसत होता.

तिथली दुपार मला फार आवडली. जेवण तीन वाजता, त्यानंतर गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. जर्मन पोरांना हा आळस वाटे. मी त्यांना सांगितलं की ज्यांच्याकडे ऊन असतं त्यांच्याकडे अक्कलही असते. रात्रीचं जेवण दहाच्या पुढे, हे मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर पावाशिवाय पान हलत नाही. थंड टोमॅटोचं सार वाटीत घालून देतात, ते पहिल्या दिवशी आजाऱ्याचं वाटलं आणि चौथ्या दिवसापासून मी दोनदा मागू लागले. पण खरी ओळख पटली ती एका सकाळी. मोठ्या कढईत शिळ्या पावाचा चुरा, भरपूर लसूण, तेल आणि लाल तिखट. मिगास म्हणतात. गुराख्यांचं खाणं, असं पिलार जरा संकोचाने म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, आमच्या घरी शिळ्या भाकरीचा कुस्करा हाच असतो, फक्त आम्ही वर कांदा घेतो. मी नेलेला ठेचा त्यावर घालून दिला. दुसऱ्या दिवशी तो डबा मी झाडाखाली पिशवीत ठेवला आणि आम्ही काम करत होतो त्या शेताच्या मालकाच्या डुकराने पिशवीसकट पळवला. ठेचा खाऊन डुकराला काहीही झालं नाही. उलट नंतर ते माझ्या मागे मागे फिरायचं.

कोर्समध्ये दुसरा मराठी माणूस होता ओंकार, पुण्याचा. हुशार, मदतीला तत्पर. व्हिसाच्या वेळी माझी कागदपत्रं त्यानेच तपासून दिली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी राग धरून लिहितेय. त्याला माझं बोलणं गोड वाटायचं. "परत म्हण ना, जाऊन राह्यली," असं तो म्हणायचा. मी त्याला सांगितलं की तिकीट लावते मग म्हणते.

पहिल्यांदा गिधाडं दिसली ती नदीवरच्या कड्यावर. खाली हिरवं पाणी, समोर खडकाची उभी भिंत, तिच्यावर चुन्याचे ओघळ उतरावेत तशी पांढरी विष्ठा. बघता बघता एक गिधाड कपारीतून सुटलं आणि पंख न हलवता वर जात राहिलं. मग दुसरं. मग मोजणं सोडलं. पिंगट अंग, पांढुरकी मान, आणि पंख इतके रुंद की डोक्यावरून गेलं तेव्हा सावली अंगावरून सरकलेली कळली. बाकीचे दुर्बिणीतून बघून वर्णनं लिहीत होते. मला रडू येत होतं आणि रागही. हे आमचंही होतं. बाबांच्या लहानपणी आमच्या गावावरून हेच फिरत होतं आणि आम्ही एका सुईपायी घालवलं. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही, म्हणजे कुणी विचारायला नको.

कुंपणापाशी

मढी टाकायची जागा माळावर, तारेच्या कुंपणात होती. मालक अँटोनियो. त्याचं शेत आमच्या अख्ख्या शिवाराएवढं. त्याच्या किंवा आजूबाजूच्या कळपातलं जनावर मेलं की आधी गुरांचा डॉक्टर येऊन कागद देई, कोणतं औषध टोचलं होतं ते पाही, आणि मगच ते गिधाडांना मिळे. गाडी फाटकाशी थांबायची, कारण आत आली की पक्षी बिचकतात. तिथून पुढे दोर.

पाळ्या लागल्या तेव्हा माझं नाव ओंकारबरोबर आलं. मेंढी होती. पाय बांधून झाले, दोराचं टोक ओंकारच्या हातात होतं. त्याने दुसऱ्या हाताने रुमाल नाकाला लावला आणि टोक माझ्यापुढे केलं.

"तू पुढे हो ना," तो म्हणाला. "तुला सवय असेल."

"कशाची सवय?"

"म्हणजे, गावाकडे तुम्ही लोक..." एवढ्यावर तो थांबला.

तो सहज म्हणाला होता. मुद्दाम टोचायला म्हणाला असता तर मी कदाचित हसण्यावारी नेलं असतं. मी त्याच्याशी एरवी पुस्तकी मराठी बोलायचे, ती त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"आमच्या घरी नाही म्हणायची सवय हाये बे, ओंकार. चार पिढ्यायची. ओढ तू. मी उभी राह्यते."

आणि मी उभी राहिले. हाताची घडी घालून. ओंकारने एकट्याने ओढायला सुरुवात केली. चढ होता, पायाखाली वाळलेलं गवत निसरडं. दोनदा दोर सुटला. तिसऱ्यांदा तोच बसला आणि मेंढी घसरत येऊन त्याच्या मांडीला टेकली. मी हसले. ते हसणं मला आजही परत घ्यावंसं वाटत नाही. तो उठला, घाम पुसला, आणि मेंढी जागेवर नेऊन ठेवली. पिलार दूरच्या दगडी आडोशातून दुर्बिणीने सगळं पाहत होत्या.

परतताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. इंग्रजीत सांगताना वाक्यं मोडत होती, तरी सांगितलं: पाटलांचा बैल, पणजोबांचा नकार, तरोट्याची भाजी, बाबांना दिलेला शब्द. ओंकार म्हणाला, "पण ते आता राहिलं नाही. जुनी गोष्ट आहे."

"मग मघाशी दोर माझ्याच हातात का देत होतास?"

थोड्या वेळाने त्याने क्षमा मागितली. मला तसं म्हणायचं नव्हतं, असं म्हणाला. कसं म्हणायचं होतं ते मी विचारलं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघू लागला.

पिलार समोर बघून गाडी चालवत होत्या. म्हणाल्या, "मी तुला भाग पाडणार नाही. पण सूटही देणार नाही. सूट दिली तर बाकीच्यांतून मीच तुला वेगळं काढलं असं होईल. हा भाग तू केला नाहीस तर मी तसं लिहीन आणि प्रमाणपत्र मिळणार नाही."

"नका देऊ," मी म्हटलं.

तोऱ्यात म्हटलं, आणि खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसलं. ते प्रमाणपत्र मला हवं होतं. पुढे गिधाडांवरच काम करायचं होतं, त्यासाठी अर्ज करताना हाच कोर्स दाखवायचा होता. पणजोबांनी नाही म्हटलं तेव्हा त्यांनी चूल पणाला लावली होती, मला एक कागद सोडवत नाही, याची लाज वाटली. आणि पिलारच्या बोलण्यात मला खोट सापडत नव्हती, त्याचा वेगळा राग. यित्काने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, घरची आठवण. तिने मला कुठलंसं बेचव बिस्किट दिलं.

मोरेना

कोर्स संपायला थोडे दिवस उरले असताना अँटोनियोची म्हातारी गाय मेली. मोरेना तिचं नाव, म्हणजे सावळी. सकाळी सगळे फाटकाशी जमलो. गाय गाडीवरून उतरवून गवतावर ठेवली होती, डॉक्टरचा कागद यायचा होता, म्हणून ओकखाली वाट बघत बसलो. मी माझ्यापुरतं ठरवलं होतं की आडोशात बसून पक्ष्यांची नोंद करायची.

अँटोनियो आला. साठीचा, पोट सुटलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला वाटलं मागून गडी येतील. गडी आलेही. पण अँटोनियोने शर्ट काढून फांदीला अडकवला, बनियनवर गायीपाशी गुडघे टेकले आणि तिच्या शिंगांना दोर स्वतः बांधला. पिलारना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, त्यांच्या घरची रीत आहे. ज्याचं जनावर तो पुढे धरतो. हिने मला वासरं दिली, आता हिला न्यायला दुसरा का जाईल, असं तो म्हणतो.

मी उठून झाडापलीकडे गेले आणि बाबांना फोन लावला. तिकडे दुपार कलली होती, बाबा शाळेतच होते.

"बाबा, इथं गाय मेली."

"मंग?"

"सगळे ओढणार हायेत."

"तू सांगतलं ना त्याहिले?"

"सांगतलं. मले कोणी म्हणून नाही राह्यलं. पण बाबा, इथं मालक सोता ओढते. पुढून."

पलीकडे बरण्या सरकवल्याचा आवाज आला, मग थांबला.

"मालक म्हणजे गडी असन एखांदा."

"नाही बाबा. वावराचा मालक. त्यानंच दोर बांधला आता. शर्ट काढून."

"अन् मास्तरीनबाई?"

"त्याबी धरतीन."

"तो पुण्याचा?"

ओंकारबद्दल मी घरी सांगून बसले होते. "त्यानं तर मेंढी एकट्यानंच ओढली," मी म्हटलं. "मी पाह्यत होती."

बाबा हसले नाहीत, पण हसू दाबल्याचं कळलं. मग त्यांनी विचारलं, "तुले काय वाटते?"

आमच्या घरी हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. सांगतात, किंवा ओरडतात.

"मले वाटते धरावं," मी म्हटलं. "कोणी सांगतलं म्हणून नाही. इथं ते काम कोणा एकाच्या नावावर नाही, म्हणून. पण तुमाले शब्द देला व्हता. तुमी नाही म्हटलं तर नाही धरत."

पलीकडे एका बरणीचं झाकण बंद झाल्याचं ऐकू आलं.

"धर," बाबा म्हणाले. "अन् फोटो काढ."

"माह्या?"

"तुहा काऊन? मालकाचा."

मी ओढणी कमरेला बांधली आणि दोराशी आले. पुढे अँटोनियो, त्याच्यामागे पिलार, मग मी, माझ्यामागे ओंकार, आणि यित्का सोडून बाकी सगळे. यित्काच्या हातात माझा मोबाइल दिला होता आणि नेम कोणावर धरायचा ते सांगितलं होतं. अँटोनियोने हाक दिली. पहिल्या झटक्याला गाय हललीच नाही. दुसऱ्याला दोर तळव्यांतून करकचत गेला आणि मग ते ओझं मागून सरकायला लागलं. मेलेलं जनावर इतकं जड असतं हे मला तेव्हा कळलं. हाच भार आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दोघा-तिघांत ओढत होती, उपाशीपोटी, आणि मालक सावलीत उभा असे. मला भयंकर राग आला. तो सगळा मी दोरात घातला. ओंकार मागून म्हणाला, "हळू, प्रज्ञा," तर मी म्हटलं, हळू तू चाल.

मधे एकदा थांबलो. अँटोनियोने खिशातून रुमाल काढून आधी गायीच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या, मग स्वतःचा घाम पुसला. मला तो माणूस त्या वेळी आवडला. इतक्या जमिनीचा मालक मला सहसा आवडत नाही.

जागेवर पोचल्यावर दोर सोडून आम्ही आडोशात गेलो. पाऊण तास आभाळ कोरडं. मग एक ठिपका, आणि त्यामागून सगळ्या दिशांनी ठिपके. ती उतरली तेव्हा पंखांचा आवाज गोधडी झटकल्यासारखा येत होता. भांडली, चढली, ढकललं एकमेकांना. दुपारपर्यंत मोरेनाची हाडं दिसायला लागली. वास नाही, सड नाही, कुत्री नाहीत. अँटोनियो कुंपणाला रेलून शेवटपर्यंत बघत होता.

प्रमाणपत्र मिळालं. पिलारनी निघताना हात हातात घेऊन एवढंच म्हटलं की तुझा नकार पण मी लिहून ठेवला आहे, कारणासकट, पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगायला. मी म्हटलं, बैल जरा मोठा करून सांगा.

परत

घरी पोचायच्या आधीच फोटो पोचला होता. नुसत्या बनियनवर वाकलेला, लालबुंद चेहऱ्याचा, दोर खांद्यावर घेतलेला अँटोनियो. बाबांनी तो शाळेत दाखवला, किराणा दुकानात दाखवला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही दाखवला. "मालक हाये," एवढंच सांगायचे. "शंभर ढोरायचा मालक."

पोळा जवळ आला होता. सोयाबीन गुडघ्याच्या वर, काळ्या मातीत पाय टाकला की चप्पल आत राहायची. एका सकाळी भास्करकाका दारात आले. गावातले मोठे शेतकरी, बोलायला गोड. बाबा ओट्यावर चहा पीत होते. त्यांना रामराम घालून काका माझ्याकडे वळले.

"प्रज्ञाताई, आमची म्हैस मेली मळ्यातल्या कोठ्यात. ट्रॅक्टर गाऱ्यात फसून राह्यला. जेसीबीनं सडकेच्या कडेले खड्डा खंदला, पण जेसीबी आत येत नाही. तुमी त्या देशात हेच शिकून आल्या म्हणे. जरा या ना. तुमच्यातले दोघं-चौघं घेऊन या संगं."

बाबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत होते.

"येते ना काका," मी म्हटलं. "सांगाले येते. ओढाले नाही."

काका हसले. "तिकडं तं ओढली म्हणे. तुमच्या बाबानंच फोटो दाखवला आमाले."

"त्या फोटोत मालक हाये, काका. नीट पाहा एकदा."

काकांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि शांतपणे त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो घेतला नाही, पण पाहिला.

"मालकानं पुढून धरावं," मी म्हटलं. "मागून भाऊबंदानं. शिंगाले बांधा. गारा हाये तं खालून फळ्या टाका, सरकते मंग. चला, मी येते."

मला वाटलं होतं ते तोंड फिरवून जातील, आणि गावात आमच्या नावाने नवं काहीतरी सुरू होईल. पण म्हैस कोठ्यात पडली होती आणि ऊन चढत होतं. काका गेले आणि त्यांचे दोन पुतणे, एक मेव्हणा, अशी माणसं जमली. बाबाही माझ्याबरोबर निघाले, शाळेला उशीर होईल म्हणत. आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. भास्करकाकांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागले. पुतण्याने नाकाला गमछा बांधला होता. फळ्यांवरून म्हैस इंच इंच सरकली. मी दोनदा फळी कुठं टाकायची ते ओरडून सांगितलं, त्यांनी टाकली. खड्ड्यापाशी पोचेपर्यंत काका चिखलाने माखले होते. कुणी आम्हाला हात लावायला सांगितलं नाही. काका जाताना माझ्याशी बोलले नाहीत, आणि तेही मला चाललं.

परतताना पांदणीत बाबा पुढे, मी मागे. चिखल चुकवत चालताना त्यांनी मागे न वळता विचारलं, "तिथं धरला. इथं काऊन नाही धरला?"

"तिथं पाळी सगळ्यायची होती, बाबा," मी म्हटलं. "इथं निरोप आपल्याच घरी आला."